खासदाराविना चौदा महिने : कसबा पेठेतून पाहिलेला लोकप्रतिनिधीच्या मूल्यमापनाचा प्रश्न

प्रस्तावना

पुणे लोकसभा मतदारसंघाचे खासदार गिरीश बापट यांचे २९ मार्च २०२३ रोजी निधन झाले. त्यानंतर ४ जून २०२४ रोजी सार्वत्रिक निवडणुकीचा निकाल लागेपर्यंत, म्हणजे चौदा महिन्यांहून थोडा अधिक काळ, या मतदारसंघाला लोकसभेत प्रतिनिधी नव्हता. वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट आणि कसबा पेठ या सहा विधानसभा मतदारसंघांतील सुमारे वीस लाख मतदार या काळात संसदेत अनुपस्थित होते. एवढी मोठी पोकळी निर्माण होऊनही शहराच्या दैनंदिन जीवनात तिची जाणीव फारशी झाली नाही. एका मतदाराने उच्च न्यायालयात धाव घेतली, वृत्तपत्रांतून काही दिवस चर्चा झाली आणि पुढे २०२४ च्या निवडणुकीचे वारे वाहू लागल्यावर तीही विरून गेली.

खासदाराच्या कार्याचे मूल्यमापन हा राज्यशास्त्राच्या अभ्यासकांचा जुना विषय आहे. त्याची मतदानाची नोंद, त्याने दिलेले अग्रक्रम आणि मतदारसंघातील त्याचे काम ही मूल्यमापनाची तीन परिचित अंगे होत. प्रस्तुत लेखात या तीन अंगांचा विचार पुणे मतदारसंघाच्या आणि विशेषतः कसबा पेठेच्या संदर्भात केला आहे. खासदार नसलेला काळ हा या अभ्यासासाठी एका अर्थाने प्रयोगशाळेसारखा आहे. खासदार नसताना काय चालू राहिले आणि काय थांबले, हे पाहिले असता असे आढळते की ज्या गोष्टींवरून आपण खासदाराला जोखतो त्या जवळजवळ सर्व चालू राहिल्या. ज्या थांबल्या त्या आपण कधीच मोजत नव्हतो. हेच या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

मतदानाच्या नोंदीचा शोध

अमेरिकेच्या काँग्रेसमधील सदस्याचा अभ्यास करताना तेथील अभ्यासक प्रथम त्याची मतदानाची नोंद काढतात. कोणत्या विधेयकाला त्याने पाठिंबा दिला, कोठे स्वपक्षाच्या विरोधात गेला, मतदारसंघाचे हित आणि पक्षाची भूमिका यांत संघर्ष आला तेव्हा त्याने काय केले, हे सर्व तेथे नावानिशी उपलब्ध असते. ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्समध्येही मतविभागणीच्या याद्या प्रसिद्ध होतात आणि काही सदसद्विवेकाच्या प्रश्नांवर पक्ष आपल्या सभासदांना मोकळीक देतात. आपल्याकडील पाठ्यपुस्तकांतून ही कल्पना जशीच्या तशी उचलली जाते. मात्र पुण्याच्या कोणत्याही खासदाराची अशी नोंद तयार करावयास बसल्यास हाती फारच थोडे लागते.

याची कारणे दोन आहेत. पहिले कारण कार्यपद्धतीचे. लोकसभेत बहुसंख्य विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात. अध्यक्ष प्रश्न मताला टाकतात, 'होय' आणि 'नाही' असे आवाज उठतात आणि अध्यक्ष निर्णय जाहीर करतात. कोणी त्या निर्णयाला आव्हान दिले तरच मतविभागणी होते. त्यातही नियम ३६७ मध्ये एक बारीक तरतूद आहे. मतविभागणीची मागणी अनावश्यक आहे असे अध्यक्षांना वाटल्यास ते सदस्यांना जागेवर उभे करून मोजू शकतात आणि अशा वेळी मत देणाऱ्यांची नावे नोंदविली जात नाहीत. घटनादुरुस्तीला अनुच्छेद ३६८ नुसार विशेष बहुमत आवश्यक असल्याने तेथे मात्र मोजणी टळत नाही. सप्टेंबर २०२० मधील कृषिविधेयके लोकसभेत आवाजी मतदानाने संमत झाली. ऑगस्ट २०२३ मधील वैयक्तिक माहिती संरक्षणाचे विधेयक तसेच संमत झाले. त्याच महिन्यातील अविश्वासाचा ठरावसुद्धा आवाजी मतदानानेच फेटाळला गेला. ज्या कायद्यांचा परिणाम पुढील पिढ्यांवर होणार त्यांच्याबाबत कोणा एका खासदाराने काय केले, याचा कागद अस्तित्वातच नाही.

दुसरे कारण घटनेच्या दहाव्या परिशिष्टाचे. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आणली आणि पक्षादेशाविरुद्ध मतदान करणे किंवा मतदानास गैरहजर राहणे हे सदस्यत्व रद्द होण्याचे कारण ठरविले. आयाराम-गयारामच्या राजकारणावर तो उपाय होता आणि त्याची गरज नाकारता येत नाही. तथापि दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच ही अपात्रता विश्वासदर्शक व अविश्वासाच्या ठरावांसारख्या मतदानापुरती सीमित ठेवावी असे सुचविले होते. किहोतो होलोहान खटल्यात १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने परिशिष्ट वैध ठरविताना पक्षादेशाच्या व्याप्तीबाबत अशाच स्वरूपाचा संकोच अपेक्षिला. २०१० मध्ये मनीष तिवारी यांनी त्या दिशेने खाजगी विधेयक मांडले. यांतून निष्पन्न काही झाले नाही. २००३ च्या एक्याण्णवाव्या दुरुस्तीने तर परिशिष्ट अधिकच कडक झाले.

परिणामी, ६ ऑगस्ट २०१९ रोजी जम्मू-काश्मीर पुनर्रचना विधेयक ३७० विरुद्ध ७० मतांनी किंवा त्याच वर्षी ९ डिसेंबरला नागरिकत्व दुरुस्ती विधेयक ३११ विरुद्ध ८० मतांनी संमत झाले, तेव्हा त्या यादीतील एखाद्या नावावरून आपल्याला त्या पक्षाची भूमिका कळते. त्या व्यक्तीविषयी काही कळत नाही. मतदानाची नोंद असलीच तर ती पक्षाची असते. पुण्याच्या खासदाराची मते पुणेकरांच्या मतांशी जुळतात काय, हा प्रश्न या नोंदीला विचारताच येत नाही.

पूर्वी स्थिती वेगळी होती काय? याच मतदारसंघातील मोहन धारिया यांचे उदाहरण येथे नोंदविण्यासारखे आहे. १९७१ मध्ये ते काँग्रेसच्या उमेदवारीवर पुण्यातून निवडून आले आणि केंद्रात राज्यमंत्री झाले. जयप्रकाश नारायण यांच्याशी सरकारने संवाद साधावा अशी भूमिका जाहीरपणे घेतल्यामुळे मार्च १९७५ मध्ये त्यांना मंत्रिपद गमवावे लागले. पुढे त्यांनी आणीबाणीला विरोध केला. मंत्रिपद गेले, परंतु लोकसभेचे सदस्यत्व गेले नाही. आणि १९७७ मध्ये याच मतदारांनी त्यांना जनता पक्षाचे उमेदवार म्हणून पुन्हा लोकसभेत पाठविले. मतभेदाची किंमत मोजून मतदारांकडे परत जाण्याची वाट तेव्हा मोकळी होती. मतभेद व्यक्त करण्याची सभागृहातील जागा आजही पूर्णपणे बंद झालेली नाही. भाषणावर पक्षादेश चालत नाही, समितीच्या बैठकीत चालत नाही, प्रश्न विचारण्यावर चालत नाही. म्हणून ज्याला आपण मतदानाची नोंद म्हणतो तिचा शोध भारतात या तीन ठिकाणी घ्यावा लागतो.

पेठेतले काम

गिरीश बापट यांची कारकीर्द या दृष्टीने अत्यंत उद्बोधक आहे. १९८३ मध्ये ते पुणे महापालिकेत नगरसेवक झाले. १९९१ मध्ये अण्णा जोशी लोकसभेवर गेल्याने रिक्त झालेल्या कसब्याच्या जागेसाठी पोटनिवडणूक झाली, तीत काँग्रेसचे वसंत थोरात यांच्याकडून बापट पराभूत झाले. १९९५ मध्ये त्यांनी कसबा जिंकला आणि १९९९, २००४, २००९ व २०१४ अशा सलग निवडणुकांत तो राखला. मध्यंतरी १९९६ ची लोकसभा निवडणूक ते सुरेश कलमाडी यांच्याविरुद्ध हरले होते. २०१४ ते २०१९ या काळात ते राज्यात अन्न व नागरी पुरवठा मंत्री आणि पुण्याचे पालकमंत्री होते. २०१९ मध्ये काँग्रेसचे मोहन जोशी यांचा तीन लाखांहून अधिक मतांनी पराभव करून ते लोकसभेत गेले. महापालिका, विधानसभा आणि लोकसभा ही तिन्ही सभागृहे एकाच पेठेच्या आधारावर पाहिलेला असा लोकप्रतिनिधी विरळा.

परंतु मतदाराच्या लेखी ही तीन सभागृहे वेगळी होती काय, हा खरा प्रश्न आहे. आमच्या महाविद्यालयातील तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना 'खासदाराची कामे' लिहावयास सांगितले असता ड्रेनेज, रस्त्यावरचे दिवे, शाळा-प्रवेश, रुग्णालयातील खाट आणि गणेशोत्सवातील मंडळांच्या अडचणी ही उत्तरे हमखास येतात. कायदा करणे हे काम यादीत आले तर शेवटी येते. विद्यार्थ्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी जे पाहिले ते लिहिले. कसबा, शनिवार, नारायण, बुधवार या जुन्या पेठांत लोकप्रतिनिधी म्हणजे सकाळी घरी किंवा कार्यालयात भेटणारा, लग्नाला आणि तेराव्याला येणारा, कसबा गणपतीच्या मिरवणुकीत चालणारा मनुष्य असतो. तो नगरसेवक असो वा खासदार, त्याच्याकडे नेण्याचे काम बदलत नाही. बापट यांना या प्रकारच्या संपर्काची विलक्षण हातोटी होती, हे त्यांचे विरोधकही मान्य करीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये कसब्याच्या पोटनिवडणुकीच्या प्रचारासाठी गंभीर आजारी अवस्थेत, नाकाला प्राणवायूची नळी लावून ते केसरीवाड्यातील बैठकीस आले. त्यांना अशा स्थितीत आणण्यावर टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती. मात्र या शहरात प्रतिनिधित्व म्हणजे देहाने समोर असणे ही धारणा किती खोल आहे, हेही त्या प्रसंगातून दिसले.

या प्रकारच्या कामाकडे तुच्छतेने पाहण्याची एक अभ्यासकी सवय आहे. ती टाळली पाहिजे. जेनिफर बसेल यांनी २०१९ च्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे की भारतातील वरच्या पातळीवरील लोकप्रतिनिधीही आपल्या वेळेचा मोठा भाग व्यक्तिगत अर्ज-विनंत्यांवर खर्च करतात आणि ही मदत पुष्कळदा मतदाराचा पक्ष न पाहता केली जाते. शासनयंत्रणा ज्याला सहजासहजी दाद देत नाही त्याच्यासाठी ही चिठ्ठी, हा दूरध्वनी मोलाचा असतो. आक्षेप या कामावर नसून, खासदाराच्या मूल्यमापनात तेच एकमेव काम शिल्लक राहते यावर आहे.

खासदारांच्या वतीने वाटल्या जाणाऱ्या कार्यअहवालांचे स्वरूप या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. बहुरंगी मुखपृष्ठ, वरिष्ठ नेत्यांसह छायाचित्रे, उद्घाटने, मंजूर कामांची यादी आणि शेवटी दोन पानांत 'संसदेतील कामगिरी' असा त्यांचा सर्वपक्षीय साचा ठरून गेला आहे. मंजूर कामांच्या यादीत खासदार निधीला मानाचे स्थान असते. वास्तविक ही योजना डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली. प्रारंभी सदस्यामागे पाच लाख, १९९४-९५ पासून एक कोटी, १९९८-९९ पासून दोन कोटी आणि २०११-१२ पासून वर्षाला पाच कोटी रुपये असा तिचा प्रवास आहे. पुण्यातील मतदारसंख्येने पाच कोटींना भागल्यास मतदारामागे वर्षाला सुमारे पंचवीस रुपये पडतात. पुणे महापालिकेचे २०२३-२४ चे अंदाजपत्रक साडेनऊ हजार कोटींच्या पुढे होते. खासदार निधी त्याच्या सुमारे दोन हजाराव्या हिश्श्याइतका भरतो. शिवाय कोविडच्या साथीमुळे एप्रिल २०२० मध्ये ही योजना दोन वर्षांसाठी स्थगित झाली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये त्या वर्षाच्या उर्वरित काळासाठी दोन कोटींसह पुन्हा सुरू झाली. बाके, व्यायामशाळा आणि समाजमंदिरे यांवरून खासदाराची योग्यता ठरविणे म्हणजे समुद्र चमच्याने मोजण्यासारखे आहे.

दुसरे टोक आकडेवारीचे. २००५ पासून पीआरएस ही संस्था संसदीय कामकाजाची माहिती संकलित करीत आहे आणि तिच्यामुळे उपस्थिती, प्रश्न, चर्चा व खाजगी विधेयके यांचे आकडे सर्वांना सहज उपलब्ध झाले. ही सेवा मोठीच आहे. परंतु वृत्तपत्रे तिच्या आधारे जे गुणानुक्रम लावतात ते फसवे असतात. या काळात उपस्थिती म्हणजे नोंदवहीतील सही असे. सही करून सदस्य सभागृहात किती वेळ बसला हे तीतून कळत नसे. शंभर अतारांकित प्रश्न आणि मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागेल असा एक टोकदार तारांकित प्रश्न यांचे मोल सारखे नसते. मंत्री झालेला सदस्य नोंदवहीत सही करीत नाही आणि प्रश्नही विचारीत नाही, त्यामुळे जून २०२४ मध्ये निवडून येताच नागरी विमान वाहतूक व सहकार खात्यांचे राज्यमंत्री झालेले मुरलीधर मोहोळ यांना हा गुणानुक्रम लागूच पडत नाही. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात तर प्रश्नोत्तराचा तासच वगळण्यात आला होता. त्या अधिवेशनात कोणी किती तारांकित प्रश्न विचारले, याची तुलना निरर्थक ठरते.

बापट यांच्या बाबतीत या दोन्ही पद्धतींच्या हातून एक महत्त्वाची गोष्ट निसटली. सतराव्या लोकसभेत ते अंदाज समितीचे अध्यक्ष होते. १९५० मध्ये स्थापन झालेल्या या समितीत तीस सदस्य असतात, सर्व लोकसभेचे. मंत्र्याला तीत स्थान नसते. निरनिराळ्या खात्यांच्या अंदाजांची छाननी करून काटकसर, कार्यक्षमता आणि पर्यायी धोरण सुचविण्याचा तिला अधिकार आहे. अधिकाऱ्यांना समोर बसवून प्रश्न विचारता येतात. पुण्याच्या खासदाराच्या वाट्याला आलेले हे कदाचित सर्वांत गंभीर संसदीय काम होते. कसब्यातल्या किती मतदारांना त्याची माहिती होती? त्या समितीच्या अहवालांवर शहरातील एखाद्या महाविद्यालयात चर्चासत्र झाल्याचे प्रस्तुत लेखकाच्या ऐकिवात नाही. यात दोष एकट्या राजकीय पक्षांचा नाही. तो आपल्याही व्यवसायाचा आहे.

रिकामी खुर्ची

आता रिक्त काळाकडे वळू. कसबा पेठेने त्या सुमारास दोन पोकळ्या जवळजवळ एकापाठोपाठ अनुभवल्या. आमदार मुक्ता टिळक यांचे २२ डिसेंबर २०२२ रोजी निधन झाले आणि २६ फेब्रुवारी २०२३ रोजी, म्हणजे ६६ दिवसांत, पोटनिवडणुकीचे मतदान झाले. काँग्रेसचे रवींद्र धंगेकर यांनी भाजपचे हेमंत रासने यांचा सुमारे अकरा हजार मतांनी पराभव केला. अठ्ठावीस वर्षांनंतर हा मतदारसंघ भाजपच्या हातून गेला. त्यानंतर महिनाभरात लोकसभेची जागा रिक्त झाली आणि ती मात्र रिक्तच राहिली. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपलेली असल्याने तेथे प्रशासक होता. म्हणजे या चौदा महिन्यांत कसबा पेठेतील नागरिकाला नगरसेवक नव्हता, खासदार नव्हता. थेट निवडून दिलेला एकमेव प्रतिनिधी म्हणजे आमदार. घटनेने उभारलेल्या तीन मजल्यांपैकी एकच मजला वस्तीत होता.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १५१-अ नुसार जागा रिक्त झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घेणे बंधनकारक आहे. याला अपवाद दोनच : उर्वरित मुदत एक वर्षाहून कमी असल्यास, किंवा निवडणूक घेणे अवघड असल्याचे आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केल्यास. सतराव्या लोकसभेची पहिली बैठक १७ जून २०१९ रोजी झाली होती, म्हणून बापट यांच्या निधनाच्या वेळी चौदा महिन्यांहून अधिक मुदत शिल्लक होती. पहिला अपवाद लागू नव्हता. आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये दुसऱ्याचा आधार घेतला. २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या तयारीत यंत्रणा गुंतलेली आहे, आणि पोटनिवडणूक घेतली तरी निवडून येणाऱ्यास फार थोडा काळ मिळेल, अशी कारणे त्याने दिली. मे २०२३ मध्ये बाळू धानोरकर यांच्या निधनाने रिक्त झालेल्या चंद्रपूरच्या जागेचेही पुढे तेच झाले.

मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये ही कारणे फेटाळली. निवडणूक घेणे हेच ज्याचे घटनात्मक कर्तव्य आहे त्याने निवडणुकीच्या कामात व्यग्र असल्याचे कारण सांगावे हे न्यायालयाला पटले नाही. लोक प्रतिनिधीविना राहू शकत नाहीत, असा निकालाचा आशय होता. तातडीने पोटनिवडणूक घेण्याचा आदेश झाला. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली, कारण एव्हाना उरलेली मुदत इतकी अल्प होती की निवडणुकीने साध्य काही झाले नसते. व्यवहारतः ते खरेही होते. मात्र विलंबानेच विलंबाचे समर्थन निर्माण करावे, असा हा प्रकार झाला.

या काळात शहरात काय घडले? १ ऑगस्ट २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते मेट्रोच्या फुगेवाडी ते सिव्हिल कोर्ट आणि गरवारे महाविद्यालय ते रुबी हॉल या विस्तारित मार्गांचे उद्घाटन झाले. १० मार्च २०२४ रोजी लोहगाव विमानतळाच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. कसबा पेठेखालून जाणाऱ्या भुयारी मार्गाचे काम चालू राहिले. कार्यअहवालात ज्यांना पहिली पाने मिळतात ती सर्व कामे खासदाराविना सुरळीत पार पडली. विकासकामे केंद्र, राज्य आणि त्यांच्या संयुक्त कंपन्या यांच्या निर्णयांवर चालतात. एका सदस्याच्या असण्या-नसण्याने त्यांचा वेग फारसा बदलत नाही, हे यातून सिद्ध झाले असे म्हणण्यास हरकत नाही. पाठपुरावा निरुपयोगी असतो असे नव्हे. पण त्याचे श्रेय किती घ्यावे याला या चौदा महिन्यांनी एक मर्यादा घातली आहे.

आणि थांबले काय? या काळात लोकसभेची चार अधिवेशने झाली : जुलै-ऑगस्टमधील पावसाळी, सप्टेंबरमधील विशेष, डिसेंबरमधील हिवाळी आणि २०२४ च्या प्रारंभीचे अंतरिम अर्थसंकल्पाचे. २० सप्टेंबर २०२३ रोजी महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत झाली. मतविभागणीत नावे नोंदली गेली. ज्या शहरात सावित्रीबाईंनी मुलींची शाळा चालविली त्या शहराचे नाव त्या ४५६ नावांत कोणत्याच बाजूला नाही. २० डिसेंबरला भारतीय दंडसंहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुराव्याचा कायदा यांची जागा घेणारी तीन विधेयके आवाजी मतदानाने संमत झाली. त्या दिवसांत शंभराच्या घरात विरोधी सदस्य निलंबित होते. त्यांच्या मतदारसंघांचा आवाज शिक्षा म्हणून बंद होता, पुण्याचा गैरसोय म्हणून. विधेयके संमत होण्याच्या दृष्टीने या जागेने काही फरक पडला नसता, हे उघड आहे. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार एका मताने पडले तसे प्रसंग क्वचितच येतात. परंतु 'फरक पडला नसता' ही कसोटी एकदा मान्य केली की बहुमताच्या सभागृहातील कोणतीही जागा रिकामी ठेवता येईल.

आयोगाची भूमिका म्हणूनच केवळ प्रशासकीय चूक म्हणून सोडून देता येत नाही. खासदाराचे खरे काम मतदारसंघातील कामे होय, आणि ती तर कोणीतरी करीतच असते, ही जी आपली सर्वसाधारण समजूत आहे तिचेच ते शासकीय रूप होय. मतदारांनाच जागा रिकामी असल्याचे दुःख वाटले नाही, तर आयोगाला ते वाटावे अशी अपेक्षा कशी ठेवणार?

शनिवारवाड्याभोवतीचे शंभर मीटर

या सर्व विवेचनावर असा आक्षेप येऊ शकतो की कायद्याची भाषा दिल्लीला शोभते, पेठेतल्या माणसाला तिचे काय. कसबा पेठेपुरता तरी हा आक्षेप टिकत नाही. या पेठेच्या रोजच्या जगण्यातील एक अतिशय जाचक प्रश्न महापालिकेत किंवा विधानसभेत सुटणारा नसून तो संसदेच्याच कायद्यातून निर्माण झाला आहे.

शनिवारवाडा हे केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकांभोवती शंभर मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र असावे, अशी अधिसूचना १६ जून १९९२ रोजी निघाली. २०१० च्या दुरुस्तीने या मर्यादा थेट प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यातच घातल्या आणि राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण स्थापन केले. प्रतिबंधित क्षेत्रात १९९२ पूर्वीच्या इमारतीची दुरुस्ती वा नूतनीकरण परवानगीने करता येते, नवे बांधकाम किंवा पुनर्बांधणी करता येत नाही. माळरानावरील एकाकी मंदिर आणि दाट वस्तीतला शनिवारवाडा यांना एकच फूटपट्टी लावली गेली. वाड्याच्या आसपासचे मातीच्या भिंतींचे आणि लाकडी माड्यांचे जुने वाडे पावसाळ्यात ओल धरतात, खचतात. मालक-भाडेकरूंचा तंटा राज्याच्या भाडेनियंत्रण कायद्याखाली, धोकादायक इमारतीची नोटीस महापालिकेची, आणि पुन्हा बांधावयाचे म्हटले तर अडसर केंद्राचा. मतदार मात्र तिन्ही गाऱ्हाणी एकाच दारात नेतो.

स्मारकाचे संरक्षण नको असे येथे सुचवावयाचे नाही. शनिवारवाड्याच्या तटाला टेकून बहुमजली इमारती उभ्या राहाव्यात असे कोणताही सुजाण पुणेकर म्हणणार नाही. परंतु स्मारकाचे स्वरूप आणि भोवतालची वस्ती पाहून अंतर ठरविण्याची मुभा कायद्यात असावी की नसावी, हा संसदेत भांडण्याचा मुद्दा आहे. २०१७ मध्ये या कायद्याला दुरुस्ती सुचविणारे विधेयक आले. प्रतिबंधित क्षेत्रात केंद्र सरकारच्या सार्वजनिक कामांना वाट करून देणे एवढाच त्याचा हेतू होता. वाड्यात राहणाऱ्या कुटुंबांचा त्यात विचार नव्हता. २ जानेवारी २०१८ रोजी लोकसभेने ते संमत केले, राज्यसभेत ते प्रवर समितीकडे गेले आणि सोळावी लोकसभा विसर्जित झाल्यावर व्यपगत झाले.

कसब्याच्या दृष्टीने खासदाराची नोंद वाचावयाची तर ती येथून वाचता येईल. २०१० मध्ये सुरेश कलमाडी, २०१८ मध्ये अनिल शिरोळे, त्यानंतर बापट, आणि २०२४ पासून मोहोळ. पक्ष दोन, खासदार चार. सार्वजनिक कामांना सवलत देणाऱ्या विधेयकात राहत्या घरांच्या पुनर्बांधणीसाठी उपसूचना देता आली असती. तिची सूचना कोणी दिली काय? प्राधिकरणाने पुण्यातून आलेल्या किती अर्जांना परवानगी दिली आणि किती काळ घेतला, असा प्रश्न कोणत्या अधिवेशनात पटलावर आला? संस्कृती मंत्रालयाच्या अनुदानमागण्यांवर पुण्याचे सदस्य बोलले काय? लोकसभेच्या कामकाजाचे वृत्तांत प्रसिद्ध आहेत आणि प्रश्नोत्तरे शोधता येतात. एम.ए. च्या दोन विद्यार्थ्यांनी एका सत्रात हे काम पूर्ण करावे इतकेच ते आहे. चौघांचीही नोंद एका पानावर मावेल, आणि त्यात ती चौदा महिन्यांची ओळ कोरी सोडावी लागेल.